कांसवाचें मूळ गांव

आमच्या लहानपणीं शेजारच्या वाड्यांत एक कांसव पाळलेलें होतें. तें वीतभरसुद्धां नसेल. काळसर पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या उमटलेल्या होत्या. घरधन्यानें तें मुंबईच्या बाजारांतून विकत आणलें होतें, आणि कांसव घरांत असलें कीं लक्ष्मी टिकते असें विकणाऱ्यानें त्यांस सांगितलें होतें. न्हाणीघराशेजारीं, जेथें ऊन म्हणून कधीं येत नसे अशा फरशीच्या कोपऱ्यांत त्याचें बिऱ्हाड होतें. कांसव म्हणजे पाण्यांतला प्राणी, या समजुतीनें घरांतील काकू रोज सकाळीं त्याच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतीत आणि काकडीच्या फोडी, शिळा भात, कधीं पिकलें केळें त्याच्यापुढें ठेवीत. मायेंत कांहीं उणें नव्हतें. पुढें त्याच्या नाकाशीं बुडबुडे येऊं लागले, डोळे चिकटले; तरी तें आपलें भिंतीकडे तोंड करून बसलेलें असे. एके दिवशीं कोणाच्या तरी लक्षांत आलें कीं तें मेलें आहे. आज मेलें, काल मेलें, कीं आठवड्यापूर्वींच मेलें, हें घरांत कोणालाहि सांगतां येईना.

तें कांसव मूळ कोठलें, असें मीं आईला विचारलें होतें. आई म्हणाली, "बाजारांतलें."

पुढें या प्राण्यांविषयींचीं जुनीं-नवीं पुस्तकें वाचतांना ध्यानांत आलें कीं हें उत्तर आईचें एकटीचें नव्हतें. जमिनीवर राहणाऱ्या कांसवांना घरीं आणून ठेवण्याचा जो इतिहास आहे, त्यांत तीनशें वर्षें शहाण्यासुरत्या माणसांनीं थोड्याफार फरकानें हेंच उत्तर दिलेलें आहे. आणि लहान, नाजूक जातींच्या कांसवांच्या बाबतींत त्या एका उत्तरानें जितके जीव घेतले, तितके क्रूरपणानें क्वचितच घेतले असतील.

इंग्लंडांतील हकीगत प्रथम घेऊं, कारण ती उत्तम लिहून ठेवलेली आहे. १६३३ सालीं कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम लॉड यांनीं लंडनच्या लँबेथ वाड्यांत एक कांसव आणून ठेविलें. १६४५ त लॉडचा शिरच्छेद झाला. चार वर्षांनीं राजाचाहि झाला. क्रॉमवेल आला आणि गेला, राजघराणीं बदललीं, आणि कांसव बागेंत पाला खात राहिलें. १७५३ त माळ्याच्या हयगयीनें तें मेलें असें सांगतात. त्याचें कवच वाड्यांत जपून ठेविलें आहे. या हकीगतींत धन्याचें नांव येतें, वाड्याचें येतें, माळ्याचा दोषहि येतो. कांसवाच्या देशाचें नांव मात्र येत नाहीं.

दुसरें कांसव याहून पुष्कळ प्रसिद्ध आहे. हॅम्पशायर परगण्यांतील सेल्बर्न या खेड्यांत गिल्बर्ट व्हाइट नांवाचे एक पाद्री होऊन गेले (१७२०–१७९३). त्यांचें सेल्बर्नच्या निसर्गेतिहासाचें पुस्तक १७८९ सालचें; त्याच्या आवृत्त्या आजवर निघत आहेत. व्हाइट यांची रिबेका स्नूक नांवाची एक आत्या ससेक्समधील रिंगमर गांवीं राहत असे. तिच्या घराच्या भिंतींनीं वेढलेल्या लहानशा अंगणांत एक कांसव होतें. व्हाइट यांनीं १७७२ सालीं आपल्या मित्राला जें पत्र लिहिलें, त्यांत तें तेथें तीस वर्षें असल्याचें सांगितलें आहे. नोव्हेंबरच्या मध्यास तें जमिनींत शिरे आणि एप्रिलच्या मध्यास बाहेर येई. पुढच्या पायांनीं माती उकरून मागच्या पायांनीं पाठीवर लोटण्याचें त्याचें काम इतकें सावकाश चाले कीं व्हाइट यांना घड्याळाच्या तासकाट्याची आठवण झाली. पावसाला तें फार भीत असे. इतर कोणाकडे न पाहणारें हें जनावर आपल्याला खाऊं घालणारी म्हातारी दिसली कीं तिच्याकडे लगबगीनें चालूं लागे, हेंहि त्यांनीं टिपून ठेविलें आहे.

१७८० च्या मार्चांत आत्या वारली आणि कांसव भाच्याकडे आलें. तें तेव्हां जमिनींत निजलेलें होतें. व्हाइट यांनीं तें उकरून काढलें, मातीनें भरलेल्या पेटींत ठेविलें आणि घोडागाड्यांतून ऐशीं मैल प्रवास करून सेल्बर्नला आणलें. रस्त्याच्या खडखडाटानें तें पुरतें जागें झालें. बागेंत सोडल्यावर तें दोनदां खालच्या टोकापर्यंत जाऊन आलें. पण संध्याकाळीं गारठा पडतांच पुन्हां मातींत शिरलें. येथून पुढें तेरा वर्षें त्याची दिनचर्या व्हाइट यांच्या रोजनिशींत सांपडते. ते त्याचें वजन करीत. एकदां त्याच्याजवळ मोठा भोंगा लावून हांका मारून पाहिल्या. कांसवानें दखल घेतली नाहीं. एकदां पाण्याच्या टबांत सोडून पाहिलें. तें हळूहळू बुडालें, तळाशीं चालूं लागलें आणि फार घाबरलें. आमच्या शेजारच्या काकूंना ही एक नोंद वाचावयास मिळाली असती, तर तांब्याभर पाण्याचा तो नित्यनेम बहुधा सुटला असता.

या सर्व नोंदींत मला सर्वांत मोलाची वाटते ती निराळीच. शरद ऋतूंत ऊन कोंवळें झालें म्हणजे कांसव फळझाडांच्या भिंतीशीं जाई आणि कवचाची एक कड भिंतीला टेकून अंग तिरकें करी, म्हणजे सूर्याचे तिरपे किरण पाठीवर सरळ पडत. भर उन्हाळ्यांत तेंच कांसव कोबीच्या पानाखालीं दडून बसे. त्या काळीं सर्वांना मंदबुद्धि वाटणाऱ्या या प्राण्याला सूर्याचें गणित येतें, हें व्हाइट यांनीं पाहिलें आणि मनापासून वाखाणिलें. पण तें गणित त्यानें कोणत्या देशाच्या उन्हांत शिकलें असावें, हा प्रश्न त्यांनीं पुढें नेला नाहीं. १७८४ सालीं एका मित्राच्या मुलीस त्यांनीं कांसवाच्या नांवानें एक विनोदी पत्र लिहिलें. त्यांत कांसव स्वतःचा जन्म १७३४ सालीं व्हर्जिनियांत झाल्याचें सांगतें. एका खलाशानें पकडून आणलें, अर्ध्या क्राउनला विकलें, इत्यादि. व्हर्जिनिया म्हणजे अमेरिका. प्रत्यक्षांत तें कांसव भूमध्य समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचें, उत्तर आफ्रिकेंतलें होतें. व्हाइट गेल्यावर वर्षाच्या आंतच, १७९४ च्या वसंतांत, तेंहि गेलें. १८३६ सालीं एडवर्ड बेनेट यांनीं त्याच्या कवचावरून एक नवीन जातच मानली आणि तिला व्हाइट यांचें नांव दिलें. आज तें कवच लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत असून त्याचा संबंध अल्जीरियाकडील कांसवांशीं जोडतात.

कवच तपासल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली. व्हाइट यांनीं कांसवाचें नांव टिमथी ठेविलें होतें, म्हणजे तो नर अशी त्यांची खात्री. उन्हाळ्याच्या आरंभीं तो भल्या पहांटे उठून, पायांच्या टोंकांवर उभा राहून, कुंपणांतून वाट शोधीत हिंडतो, याचा अर्थ त्यांनीं प्रेमाची ओढ असा लाविला होता. एकदां तर टिमथी बागेबाहेर पडून आठवडाभर बेपत्ता होता. पुढें तो शेंगांच्या शेतांत सांपडला. कवच सांगतें कीं ती मादी होती. पन्नास वर्षांहून अधिक काळ दोन घरांत राहून, त्या काळांतल्या सर्वांत दक्ष निरीक्षकाच्या डोळ्यांसमोर वावरून, तिचा देश कोणाला कळला नाहीं आणि तिचें स्त्रीत्वहि कळलें नाहीं. व्हाइट यांना मी दोष देत नाहीं. जेथें त्यांची दृष्टि पुरली नाहीं, तेथें आपल्यासारख्यांची काय कथा, एवढेंच म्हणावयाचें आहे.

तरी टिमथी जगली. कां जगली, हें नीट पाहिलें पाहिजे, कारण पुढचा सगळा अनर्थ या जगण्याच्या चुकीच्या अर्थांतून झाला. अल्जीरियाच्या डोंगराळ भागांत हिंवाळा कडक असतो. तेथल्या कांसवांना हिंवाळी झोंप निसर्गतःच ठाऊक असते. टिमथीचें वजन साडेसहा पौंडांच्या आसपास. एवढ्या देहांत थंडीचे पांच महिने काढण्यापुरता सांठा राहतो, आणि एखाद्या गार रात्रीनें त्याची ऊब एकदम जात नाहीं. शिवाय तिला मोकळें अंगण, भिंत, उतरता सूर्य, रानपाला हें सर्व तिच्या निवडीप्रमाणें मिळत होतें. म्हणजे जात चिवट होती आणि जागा अनुकूल होती. लोकांनीं मात्र यावरून धडा घेतला तो असा: कांसव कोणतेंहि असो, बागेंत सोडावें, कोशिंबिरीचा पाला घालावा, हिंवाळ्यांत पेटींत गवत भरून ठेवून द्यावें आणि वसंतांत उठवावें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लंडनच्या रस्त्यांवर हातगाड्यांवरून कांसवें विकलीं जाऊं लागलीं. स्वयंपाकघरांतील झुरळें खातात, अशीहि थाप विक्रेते मारीत. पाला खाणारे ते जीव मग चुलीमागें उपाशीं राहत. विसाव्या शतकांत हा व्यापार कोठल्या कोठें गेला. १९६७ ते १९७१ या पांच वर्षांत एकट्या मोरोक्को देशांतून दहा लाखांहून अधिक कांसवें ब्रिटनला गेलीं. यांतलीं फारच थोडीं कांहीं वर्षांपलीकडे जगलीं. बहुतेक पहिल्याच हिंवाळ्यांत गेलीं: अंगांत पुरेसा सांठा नसतांना त्यांना निजविलें, आणि वसंतांत पेटी उघडली तेव्हां झोंप कोणती आणि मरण कोणतें हें ओळखतां येईना. कांसवाचा देहव्यापार इतका मंद असतो कीं चुकीच्या हवेंत, चुकीच्या अन्नावर तें महिनोन्‌महिने, कधीं वर्षभरहि तग धरतें. कुत्र्याला असें ठेविलें तर तें दोन दिवसांत ओरडून घर डोक्यावर घेईल. कांसव ओरडत नाहीं. मरणास लागलेलें कांसव आणि शांत स्वभावाचें कांसव हीं पाळणाऱ्याला एकसारखींच दिसतात. आपल्याकडे तर देवळाच्या सभामंडपांत दगडी कांसव असतेंच. त्याच्याकडे पाहून पाहून जिवंत कांसवाकडेहि दगडाच्या धीरानें पाहण्याची आपणांस संवय झाली असावी.

येथवर गोष्ट झाली ती मोठ्या आणि चिवट कांसवांची. लहान आणि नाजूक जातींचें काय झालें, हें पाहण्यासाठीं एका अशा कांसवाकडे वळतों, ज्याच्या मूळ गांवाचा घोटाळा बाजारानें नव्हे तर शास्त्रानें केला, आणि त्यांत आमच्या मुंबईचाहि थोडा हात आहे.

मुंबईंत लीथ नांवाचे एक इंग्रज डॉक्टर होते. प्राणी जमविण्याचा त्यांना छंद होता. माथेरानच्या एका बेडकाला पुढें त्यांचें नांव मिळालें. त्यांच्या संग्रहांतून एक लहानसें, फिकट पिवळ्या रंगाचें कांसव लंडनला ब्रिटिश म्यूझियममध्यें पोंचलें. १८६९ सालीं तेथील प्रख्यात प्राणिशास्त्रज्ञ आल्बर्ट ग्युंथर यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, लीथ यांचें नांव त्याला दिलें आणि त्याचा देश सिंध असा नोंदविला. सिंधमध्यें असलें कांसव कधीं नव्हतेंच. तें होतें मिसर देशचें. मुंबईपर्यंत तें कोणत्या वाटेनें आलें असेल याची कल्पना करणें कठीण नाहीं, कारण मुंबई आणि अलेक्झांड्रिया यांमधून त्या काळीं विलायतेची टपाल आणि उतारू जात. पण नोंदींत वाट उतरत नाहीं, शेवटचें ठाणें तेवढें उतरतें. गंमत अशी कीं तें नांवहि टिकलें नाहीं. १८५२ सालींच कार्टर या गृहस्थांनीं मुंबई बेटाच्या खडकांत सांपडलेल्या एका अश्मीभूत कांसवाला त्याच लीथ यांचें नांव देऊन ठेविलें होतें, आणि एक नांव दोघांस देतां येत नाहीं असा शास्त्राचा नियम. मुंबईच्या दगडी कांसवानें जिवंत कांसवाचें नांव काढून घेतलें! अखेर १८८३ सालीं लियों येथील लॉर्ते यांनीं दिलेलें 'क्लाइनमानी' हें नांव कायम झालें. सामान्य भाषेंत त्यास मिसरी कांसव म्हणतात.

उत्तर गोलार्धांतील जमिनीवरच्या कांसवांत हें सर्वांत लहान. मादी फार तर चौदा सेंटीमीटर, नर दहाच्या आसपास. वजन तीन-चारशें ग्रॅमपर्यंत. लिबिया, मिसर आणि सिनाई-नेगेव्ह यांच्या किनाऱ्यालगतच्या वाळवंटी पट्टींत तें राहतें. त्याचें लहानपण आणि फिका रंग हीं दोन्ही त्या उन्हाशीं झालेल्या तडजोडीचीं फळें आहेत: लहान देह झुडपाच्या मुठीएवढ्या सांवलींत मावतो, आणि फिकें कवच कमी तापतें. पण याच्या जीवनाचें खरें मर्म त्याच्या पंचांगांत आहे. टिमथी हिंवाळ्यांत निजे. हें कांसव हिंवाळ्यांत जागें असतें. थंडीच्या दिवसांत वाळवंटांत जो थोडा पाऊस पडतो, त्यानें उगवलेलें गवत आणि पाला खाण्याचा हाच त्याचा हंगाम. उन्हाळा आला कीं तें झुडपाखालीं किंवा उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळांत शिरून पडून राहतें. अंडीं घालतें तींहि एका वेळीं चार-पांचांहून अधिक नाहींत.

आतां अशा कांसवाला टिमथीचा नियम लावून पाहा. हिंवाळा आला म्हणून त्याला गवताच्या पेटींत थंड जागीं निजविलें, तर तें झोंपत नाहीं. गारठून पडतें आणि मरतें. ओल्या गवतावर सोडलें तर आठवड्या-दोन आठवड्यांत फुप्फुस बिघडतें. कांसवाला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा नाहीं. त्याला धड खोंकतां येत नाहीं. आंत सांठलेला कफ आंतच राहतो, आणि बाहेर दिसतात ते फक्त नाकाशीं येणारे बुडबुडे. रसाळ फळें दिलीं तर चोथा पचविणारे आंतड्यांतले सूक्ष्म जंतु नष्ट होतात. खिडकींतलें ऊन दिलें तर कांचेंत तो किरण अडतो, ज्याच्यावांचून अन्नांतला चुना हाडांत आणि कवचांत उतरत नाहीं. कवच मऊ पडतें, पिल्लांचें वेडेंवांकडें वाढतें. मोठ्या कांसवाच्या बाबतींत या चुका सुधारावयास एखादें वर्ष मिळतें. मुठीएवढ्या देहाला तेवढी मुदत नसते. 'नाजूक' हा शब्द या कांसवांना लाविला जातो, तो मला न्याय्य वाटत नाहीं. ज्या वाळूंत गाढवालाहि चारा मिळणें मुष्कील, तेथें हें हजारों वर्षें जगत आलें. त्यास नाजूक कसें म्हणावें? त्याचा देश हिरावून घेतला म्हणजे तें नाजूक होतें.

ज्या प्राणिसंग्रहालयांनीं आणि अभ्यासकांनीं हें ओळखलें, त्यांच्याकडे हींच कांसवें अंडीं घालतात आणि पिल्लें वाढवितां येतात. कोरडी वाळू, दिवसा दिव्याची तीव्र ऊब, रात्रीं गारवा, तंतुमय पाला, आणि वर्षाचें चक्र मिसरच्या पंचांगाप्रमाणें फिरविलेलें, एवढ्यांत पुष्कळ साधतें. पण हें ज्ञान येईपर्यंत फार उशीर झाला होता. शेती, वस्ती आणि चराई यांनीं किनाऱ्याची पट्टी खाल्ली; उरलेलीं कांसवें पाळीव प्राण्यांच्या व्यापाराकडे गेलीं. मिसरमधून हें कांसव जवळजवळ नाहींसें झालें, आणि कैरोच्या बाजारांत लिबियाचीं कांसवें विकलीं जाऊं लागलीं. १९९४ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें त्याचा व्यापार बंद करण्याचा निर्णय घेतला; २००३ सालीं तें अत्यंत संकटग्रस्त ठरलें. २००१ सालीं एका संशोधकानें सिनाई-नेगेव्हकडचें कांसव निराळ्या जातीचें ठरविलें होतें. पुढच्या रक्तपरीक्षांनीं तो भेद मान्य केला नाहीं. म्हणजे त्याच्या कुळाचा आणि गांवाचा वाद एकविसाव्या शतकांतहि चालूच होता.

आतां पुन्हां आमच्या वाड्याकडे. तें चांदण्यांचें कांसव, ज्याला बाजारांत 'स्टार' म्हणतात, तें कोरड्या काटेरी रानांतलें आहे. त्याचे दोन मोठे प्रदेश: एक वायव्येकडे, गुजरात, राजस्थान आणि सिंध, दुसरा दक्षिणेकडे, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडु आणि पलीकडे श्रीलंका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तें पकडणें आणि घरीं ठेवणें गुन्हा ठरला. २०१९ सालीं जिनीव्हा येथील परिषदेनें त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारहि मना केला. तरी चेन्नई आणि बंगळूरच्या विमानतळांवर प्रवाशांच्या पेट्यांतून तीं शेंकड्यांनीं सांपडतात. पाय हलूं नयेत म्हणून चिकटपट्टीनें गुंडाळलेलीं, आंबलेल्या पाल्यावर रचलेलीं. तीं जप्त होतात, आणि तेथें तो जुनाच प्रश्न कायद्यापुढें उभा राहतो. यांना सोडावयाचें कोठें? वायव्येचें कांसव दक्षिणेंत सोडलें तर पावसाचें पंचांग चुकतें, दोन निराळ्या कुळांची सरमिसळ होते, आणि बंदिवासांत जडलेला रोग रानांतल्या निरोगी कांसवांना लागतो. पेटी भरणाऱ्याला विचारलें तर तो आईचेंच उत्तर देतो.

सिंगापुरांत पकडलेलीं अशीं कांहीं कांसवें भारतांत परत आणलीं गेलीं, तेव्हां हैदराबाद येथील पेशी व रेणु-जीवविज्ञान केंद्रांतील संशोधकांनीं त्यांच्या रक्तांतून त्यांचा देश शोधण्याचा प्रयत्न केला. तें काम २००६ सालीं प्रसिद्ध झालें. व्हाइट यांच्या जवळ तें साधन नव्हतें, ग्युंथर यांच्या जवळ नव्हतें. आज तें आहे, पण त्यासाठीं रानांतल्या ज्या कांसवांशीं तुलना करावयाची, तींच ठिकठिकाणचीं कमी होत चाललीं आहेत. ज्यांचें गांव ठरत नाहीं, तीं कांसवें कुंपणाच्या आंतच राहतात.